प्रतिपिंडांचीही परीक्षा हवी

महोदय,

‘अमुक प्रथिन कर्करोगाच्या गाठींत वाढलेले आढळले’ अशा बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. त्या वाढीचा पुरावा पुष्कळदा विकत आणलेल्या एखाद्या प्रतिपिंडाने, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते ओळखून देणाऱ्या रेणूने, दिलेला असतो. मात्र त्या प्रतिपिंडाची स्वतःची परीक्षा झाली होती का, याचा उल्लेख बातमीत तर सोडाच, मूळ शोधनिबंधातही अनेकदा सापडत नाही.

पेशीतील संदेशवहनाच्या अभ्यासात ही उणीव अधिक महागात पडते. बाहेरून आलेला संदेश आत पोहोचताना कायनेज विकरे पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसवतात. एर्क-१ या प्रथिनाच्या साखळीत तो २०२व्या स्थानावरील थ्रिओनिन आणि २०४व्या स्थानावरील टायरोसिन या अमिनो आम्लांवर बसला, की ते कार्यरत होते. म्हणजे प्रतिपिंडाने नुसते एर्क ओळखून भागत नाही. फॉस्फेट असलेले आणि नसलेले यांतला फरक त्याला कळला पाहिजे. त्यासाठी नमुन्यातील फॉस्फेट फॉस्फटेज विकराने काढून टाकल्यावर ब्लॉटवरचा (वेगळी केलेली प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या पटलावरचा) पट्टा नाहीसा होतो का, हे पाहावे लागते. ही तपासणी अवघड नाही, तरीही ती वगळली जाते.

चुकीचे प्रतिपिंड काय घोळ घालू शकते, याचे बोलके उदाहरण एरिथ्रोपोएटिनच्या ग्राहीचे, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशीतील प्रथिनाचे आहे. हे संप्रेरक तांबड्या पेशींची निर्मिती वाढवते, म्हणून कर्करोगाच्या रुग्णांनाही रक्तक्षयावर दिले जाते. गाठींच्या पेशींवर त्याचा ग्राही असल्याचे अनेक निबंधांनी दाखवले होते, आणि त्यामुळे औषधाने गाठच वाढेल अशी शंका बळावली. पुढे २००६ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने दाखवून दिले, की यासाठी सर्रास वापरले जाणारे सी-२० हे प्रतिपिंड एचएसपी-७० या भलत्याच प्रथिनालाही चिकटत होते. एवढ्यावरून ते औषध निर्धोक ठरत नाही, कारण त्याचे धोके रुग्णांवरील चाचण्यांतून स्वतंत्रपणे तपासले गेले आहेत. परंतु त्या प्रतिपिंडाच्या भरवशावर काढलेले निष्कर्ष मात्र निराधार झाले. इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीची कथा याहून वेगळी नाही. त्याची १३ प्रतिपिंडे २०१७ मध्ये तपासली गेली, तेव्हा केवळ एकच विश्वासार्ह निघाले.

मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या, एकसारख्या) प्रतिपिंडांचे तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिले, तेव्हा साधनाच्या सातत्याचा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले असावे. तो मिटला नाही, कारण कायम एकसारखे असणे वेगळे आणि योग्य लक्ष्याला चिकटणे वेगळे. खरी कसोटी म्हणजे ज्या पेशीतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, तिच्यात पट्टा दिसता कामा नये. मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांची ६१४ प्रतिपिंडे याच पद्धतीने तपासून त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत रिकॉम्बिनंट, म्हणजे ज्ञात जनुकावरून पेशींत बनवून घेतलेली, प्रतिपिंडे सरासरीने सरस ठरली. अपयशी ठरलेली काही प्रतिपिंडे उत्पादकांनी बाजारातून काढून घेतली आणि अनेकांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या, यावरून हे काम संशोधक आणि उत्पादक मिळून करू शकतात हे दिसते.

येथे केवळ उत्पादकांना दोष देणे मला पटत नाही. माहितीपत्रकातील एक सुबक चित्र पाहून प्रतिपिंड मागवणारे आणि आपल्या पेशींत ते न तपासणारे आम्ही संशोधकही तितकेच जबाबदार आहोत. एका प्रकारच्या पेशीत किंवा ब्लॉटमध्ये चाललेले प्रतिपिंड ऊतींच्या रंजनात चालेलच असे नाही, हे ठाऊक असूनही घाईत ते विसरले जाते.

म्हणून विद्यापीठांनी आणि नियतकालिकांनी प्रबंध वा निबंध स्वीकारताना प्रत्येक प्रतिपिंडाचा कॅटलॉग व लॉट क्रमांक, न कापलेल्या ब्लॉटचे संपूर्ण छायाचित्र आणि जनुकविरहित पेशींवरील पडताळणी यांची मागणी करावी. अशा पेशी जिथे जगूच शकत नाहीत, तिथे जनुकाची अभिव्यक्ती कमी करून किंवा दुसऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाने पडताळणी करता येते. आणि आपल्या विज्ञान प्रतिनिधींनीही प्रथिनाविषयीची पुढची बातमी लिहिण्यापूर्वी संशोधकांना ते कसे ओळखले, एवढे अवश्य विचारावे.

आपला विश्वासू,
एक जीवशास्त्र संशोधक