बाबा, घरातल्या घरातही ऊन लागतं

अहमदाबाद
मे महिना

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आम्ही ब्रह्मपुरीकडचे, आम्हाला ऊन काय करतं? आणि भर दुपारी मी घराबाहेर पडतो कुठे?" तेव्हा ड्युटीवर होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी वॉर्डात एक आजोबा आले, तुमच्याच वयाचे. अंगाला हात लावला तर चटका बसावा, पण घामाचा टिपूस नाही. ताप १०६. मला मुलगी समजून हाक मारत होते, मध्येच बरळत होते. मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला, ओली चादर टाकून पंखा जोरात सोडला. वाचले. त्यांचा मुलगा मात्र एकच सांगत राहिला, "बापुजी तो घरमां ज हता." खरंच ते दिवसभर घरातच होते. पत्र्याखालची वरची खोली, रात्रीही न निवणाऱ्या भिंती. आपली माडी डोळ्यांपुढे आली, बाबा.

या शहरानेही आधी ऐकलं नव्हतं. २०१० च्या मे महिन्यात इथे पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त माणसं गेली. कित्येकांच्या कागदावर उष्माघात हा शब्दही नसेल. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेचा आराखडा केला, देशातला पहिला. आता हवामान खात्याचा इशारा आला की दवाखान्यांना आधीच निरोप जातो, पाणपोया लागतात, वस्त्यांतून सांगणारे फिरतात. मला सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र अगदी साधी आहे. इथल्या शारदाबेन रुग्णालयात तान्ह्या बाळांचा कक्ष अगदी वरच्या मजल्यावर होता, तो खाली आणला. तेवढ्याने बाळांचा त्रास कमी झाला. छत तापतं, म्हणून बाळ खाली. इतकं सरळ.

तेव्हा तुम्हीही खाली या. माडीवर झोपणं जूनपर्यंत बंद. पत्र्याला चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारून घ्या, पांढरा पत्रा कमी तापतो. आई, तू सकाळी दहाच्या आत स्वयंपाक उरकत जा. तहान लागायची वाट पाहू नका दोघं, या वयात ती उशिराच लागते. आणि बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते, उन्हाळ्यात तिचा डोस तसाच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद मात्र करू नका. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल गेला, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

बाबा, ग्रामसभेत तुमचा शब्द चालतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी आशाताईंकडून घ्या, दुपारी कुणीतरी त्यांच्या दारात डोकावेल एवढं ठरवा. उपकेंद्रात ओआरएस आणि बर्फाची सोय आहे का, तेही विचारा. रोजगार हमीच्या कामाची वेळ पहाटे करा म्हणावं.

चुना मारायला माणूस मिळाला नाही तर कळवा. मी रजा टाकून येते.

तुमची,
मीनू