सागरी मार्ग आणि अब्राहम झाकुतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपातून भारतात येणाऱ्या सागरी मार्गाचा विषय निघाला की लेखांतून आणि व्याख्यानांतून वास्को द गामाचे धाडस व मसाल्यांचा व्यापार यांवर पुष्कळ बोलले जाते; मात्र ज्याच्या कोष्टकांमुळे खुल्या समुद्रात नौकेचे स्थान ठरवता आले, तो ज्यू खगोलशास्त्रज्ञ अब्राहम झाकुतो त्यात क्वचितच आढळतो. ही उणीव मला फार खटकते.

विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेल्यावर ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि त्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्याची रीत निरुपयोगी ठरते. मग माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजावी लागते, पण सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, रोज बदलत असल्याने त्या दिवशीची क्रांती ठाऊक नसेल तर त्या वेधातून अक्षांश निघत नाही. स्पेनमधील सालामांका येथे 1452 मध्ये जन्मलेल्या झाकुतोने 1470 च्या दशकात हिब्रूत सिद्ध केलेल्या कोष्टकांनी नेमकी हीच गरज भागवली. पोर्तुगालचा राजा दुसरा जॉन याच्या दरबारातील ज्यू वैद्य जुझे व्हिझिन्यो याने 1485 मध्ये गिनीच्या किनाऱ्यावर जाऊन सूर्याचे वेध घेतले. पुढे त्यानेच ही कोष्टके लॅटिनमध्ये आणली आणि 1496 मध्ये पोर्तुगालमधील लैरिया येथील ज्यू मुद्रकाने ती छापली. पूर्व आफ्रिकेतील मालिंदीपासून कालिकतपर्यंत गामाला वाटाड्या मिळाला होता, हे खरे. परंतु त्याआधी, 1497 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, दक्षिण अटलांटिकमध्ये त्याला सुमारे तीन महिने जमीनच दिसली नव्हती; तेथे गरज होती ती अशा सूर्यवेधांची आणि कोष्टकांची.

ज्या वर्षी हा ग्रंथ छापला गेला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालचा पुढचा राजा मॅन्युएल याने ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी त्यांचे सक्तीने धर्मांतर केले. 1492 मध्ये स्पेनमधून परागंदा झालेल्या, आणि पोर्तुगालमध्ये राजज्योतिषी झालेल्या झाकुतोला आता उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिसला पळावे लागले. गोव्यातील वाचकांना ही कहाणी परकी वाटू नये: स्पेनमधून पळालेल्या ज्यू घराण्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहिला, तेथेच त्याने आपला वनौषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये छापला, आणि मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

सागरी मार्गावरील लेख आपल्या दैनिकात येतील, तेव्हा त्यांत झाकुतो आणि व्हिझिन्यो यांच्या गणिताला जागा मिळावी, आणि ज्या राजसत्तेने त्याचा लाभ घेतला तिने त्यांच्या समाजाचे काय केले हेही लिहिले जावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक