आकडा कोणत्या रजिस्टरातून आला ते आधी पाहा

महोदय,

आपल्या पत्रस्तंभात कोविडच्या मृत्यूंवरून पुन्हा जुंपली आहे. एका वाचकाने जागतिक आरोग्य संघटनेचा ४७ लाखांचा आकडा काढला, दुसऱ्याने २०२१ अखेरचा सरकारी ४ लाख ८१ हजारांचा, आणि आता ‘देशाची बदनामी’ विरुद्ध ‘प्रेतं लपवली’ असा सामना रंगला आहे. मी महापालिकेच्या एका विभाग कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे उमेदीची वर्षं घालवली आणि कोविडच्या आधीच निवृत्त झालो. म्हणून हा पत्रप्रपंच.

४७ लाख म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली याचा अंदाज. त्यात खाट न मिळालेला हृदयरोगीही आला आणि डायलिसिस चुकलेलाही. शिवाय तो अंदाज ३३ लाखांपासून ६५ लाखांपर्यंत ऐसपैस पसरलेला आहे, हे सांगायला दोन्ही बाजू सोयीस्कर विसरतात. ४ लाख ८१ हजार म्हणजे कोविड म्हणून नोंदले गेलेले मृत्यू. आणि नोंद कशी होते ते मी जवळून पाहिलं आहे.

मुंबईत माणूस रुग्णालयात गेला तर डॉक्टर नमुना ४ भरतात, घरी गेला तर नमुना ४-अ. तो कागद स्मशानातल्या कारकुनाकडे जातो, नाव रजिस्टरला चढतं, पावती मिळते, आणि ती घेऊन घरातलं कोणीतरी दाखल्यासाठी आमच्या खिडकीवर येतं. नमुन्यात कारणाच्या ओळी ठरलेल्या आहेत. वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवलं ते मूळ कारण, आणि सगळ्यात खाली हातभार लावणारे इतर आजार. प्रत्यक्षात कितीतरी कागदांवर पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ आणि खाली नुसती रेघ. अहो, हृदय आणि श्वास न थांबता आजवर कोणी गेलंय का? २०२० मध्ये आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) लेखी सूचना काढावी लागली की याला मूळ कारण धरू नका.

आमच्याच चाळीतलं सांगतो. एप्रिल २०२१, दुसरी लाट ऐन भरात. तळमजल्यावरच्या काकू तापाने फणफणलेल्या, ऑक्सिमीटर ८० च्या खाली, फोन करून करून खाट मिळेना. पहाटे घरातच गेल्या. डॉक्टरांनी ४-अ वर ‘हार्ट अटॅक’ लिहिलं. त्यांना दोष देत नाही, चाचणी झालेली नव्हती आणि कोविड लिहिलं तर आई शेवटची हाताला लागणार नाही, ही धास्ती मुलांनाच जास्त होती. त्याच आठवड्यात मुलगा आणि सून दोघंही पॉझिटिव्ह. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५० हजारांचं सानुग्रह साहाय्य मिळू लागलं तेव्हा मुलाने अर्ज केला. आईचा अहवाल नाही, अर्ज नामंजूर. काकू सरकारी कोविड मृत्यूंत नाहीत. एकूण मृत्यूंच्या रजिस्टरात मात्र आहेत, कारण कागद दाखवल्याशिवाय मुंबईत अंत्यसंस्कार होत नाहीत.

आता ‘मधुमेहाने गेले, कोविडने नव्हे’ म्हणणाऱ्या वाचकांबद्दल. महापालिकेच्या रोजच्या प्रसिद्धिपत्रकात ‘मृतांपैकी अमुक जणांना दीर्घकालीन आजार होते’ असं वाक्य असायचं, त्याने हा गैरसमज फोफावला. मधुमेह घेऊन वीस वर्षं लोकलला लोंबकळत नोकरी केलेला माणूस कोविड झाल्यावर पंधरा दिवसांत जातो, तर मधुमेह खालच्या ओळीत लिहायचा असतो, वरच्या नाही.

तारखांचंही तसंच. १६ जून २०२० ला राज्याच्या बेरजेत एकदम १,३२८ जुने मृत्यू मिळवले गेले, त्यातले ८६२ मुंबईचे. आलेखातला तो उंच खांब त्या दिवशीच्या मृत्यूंचा नाही, त्या दिवशी निकाली निघालेल्या फायलींचा आहे. आणि रुग्णसंख्येचं तर विचारूच नका. ४ एप्रिल २०२१ ला मुंबईत ११,१६३ नवे रुग्ण, ७ जानेवारी २०२२ ला २०,९७१. पण लस घेतलेल्या शहरातल्या ओमायक्रॉनची तुलना आदल्या वर्षीच्या हाहाकाराशी कशी करणार? जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात तीन विभागांतल्या झोपडपट्ट्यांमध्ये ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता. अख्ख्या मुंबईचे अधिकृत रुग्ण तेव्हा लाखाच्या आसपास होते! शंभरात पाच दगावतात, हा तेव्हाचा हिशेब छेद, म्हणजे नोंदलेल्या रुग्णांचा आकडा, तोकडा म्हणून फुगलेला होता.

एकूण मृत्यूंचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. नोंद मृत्यू जिथे झाला तिथली. टाटा किंवा केईएममध्ये गेलेला साताऱ्याचा रुग्ण मुंबईच्या रजिस्टरला लागतो, आणि लॉकडाऊनमध्ये गावी पोहोचलेला लालबागचा चाकरमानी तिथेच गेला तर तो ग्रामपंचायतीच्या. लोकल बंद म्हणून २०२० मध्ये रुळांवरचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, तेही या बेरजेत वजा होऊन बसले आहेत. तरीही कारणाच्या ओळीपेक्षा मृत्यूच्या नोंदीवर माझा भरवसा जास्त, कारण तिथे कोणाला मत द्यावं लागत नाही.

देशाचे २०२१ चे नोंदणी आकडे जाहीर व्हायला मे २०२५ उजाडला. १ कोटी २ लाख मृत्यू, आदल्या वर्षी ८१ लाख. ही सगळी वाढ कोविडची म्हणता येणार नाही, वर्षागणिक नोंदणीही सुधारत गेली आहे. पण आकडे दडवून ठेवल्यावर बाहेरच्यांनी अंदाज केले म्हणून चिडायचं कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनेही १७ राज्यांचे हाती लागले तेवढे आकडे घेऊन देशाचा हिशेब मांडला.

महापालिकेकडे माझी मागणी साधी आहे. दर महिन्याला आदल्या महिन्यातले एकूण मृत्यू विभागवार संकेतस्थळावर टाका. वयोगट द्या, घरी की रुग्णालयात ते द्या, मुंबईबाहेरचा पत्ता असलेले वेगळे दाखवा. नावं नकोत आणि कारणाची ओळ सध्या नसली तरी चालेल. ही सगळी माहिती नोंदणीच्या वेळीच संगणकात भरलेली असते, त्यासाठी नवा माणूस नेमावा लागणार नाही.

आपला,
जन्म-मृत्यू नोंदणी विभागातला एक निवृत्त कारकून,
काळाचौकी, मुंबई
(नाव संपादकांना कळवलं आहे)