बाळंतपणानंतरच्या त्या दिवसांसाठी

प्रिय मैत्रिणींनो,
सप्रेम नमस्कार.

लेक आता घरभर रांगू लागली आहे आणि तिच्याकडे पाहताना मला मनापासून आनंद होतो. हे वाक्य मी आज लिहू शकते ते तुम्हा तिघींमुळे, म्हणून हे आभार चारचौघांसमोर मानावेत असे वाटले.

बाळंतपणासाठी मी सांगलीला माहेरी आले तेव्हा कशाचीही उणीव नव्हती. तेल-मालीश, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सारे काही आई मायेने करत होती. तरीही मी दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. बाळ झोपले तरी माझा डोळा लागत नसे आणि ते रडू लागले की छातीत धडधड सुरू होई. भेटायला येणारी प्रत्येक बाई ‘ओली बाळंतीण आहे, व्हायचेच असे’ म्हणून जाई. बाळंतपणानंतरचा रडवेपणा बहुतेक जणींचा दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतो, हे खरेच आहे. माझा ओसरला नाही, आणि हे सर्वांत आधी तुमच्या लक्षात आले.

तुमच्यापैकी जी परिचारिका आहे तिने उपदेशाचा एक शब्दही न काढता बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी वापरतात ती एडिंबरा प्रश्नावली माझ्यापुढे ठेवली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांतील मनःस्थितीविषयी अवघे १० प्रश्न असतात आणि शेवटचा असतो स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी. तो तिने आवाज न दबवता, माझ्याकडे पाहत विचारला. असे थेट विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल, अशी धास्ती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. मी ‘हो’ म्हणाले, आणि ते ऐकून ती घाबरली नाही, याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला मिरजेला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. ‘लोक काय म्हणतील’ या काळजीने आई खचली होती. तिच्याजवळ स्वयंपाकघरात बसून, हा आजार आहे, यात कुणाच्या संस्कारांचा किंवा मायेचा दोष नाही, हे तुम्ही तिला समजावले. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे असतात, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर तीही निवळली.

या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. खरी कसोटी त्याच आठवड्यांत लागली, कारण उपचार सुरू झाले म्हणून घरचे निश्चिंत झाले होते आणि मला मात्र काहीच बदललेले वाटत नव्हते. तेव्हा तुमच्यातली एक जण रात्री मुक्कामाला येऊ लागली आणि मला सलग झोप मिळावी म्हणून, मी काढून ठेवलेले दूध बाळाला वाटी-चमच्याने पाजू लागली. मस्कतची मैत्रीण फोनवर असे. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत तेव्हा तिच्याकडे दीड वाजलेला असे, सकाळी तिला कामावरही जायचे असे, तरी तिने कधी घाई केली नाही. ‘बाळाकडे बघ आणि आनंदी राहा’ असे तुमच्यापैकी एकीनेही मला सांगितले नाही. त्या वाक्याने मी आणखी खोल गेले असते. रडू आले तर रडू दिलेत, बोलवेना तेव्हा गप्प बसून राहिलात, आणि औषधाची वेळ मात्र एकदाही चुकू दिली नाहीत.

एखादीला रात्री बोलायला कुणीच नसेल, तर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो; हे पत्र वाचणाऱ्यांनी तो जरूर जवळ ठेवावा.

एकदा हा आजार होऊन गेला की पुढच्या बाळंतपणात तो पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते, असे डॉक्टरांनी मला सांगितले आहे. तशी वेळ आली तर घरच्यांखेरीज कुणाला कळवायचे, असे त्यांनी विचारले तेव्हा मी तुम्हा तिघींची नावे लिहून दिली.

तुमचीच,
एक मैत्रीण