बाबा, तुमच्या नातीला शाळेत शिकवतात तरी काय

रेडिंग, इंग्लंड
मार्चचा दुसरा आठवडा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "दप्तरात एक पुस्तक नाही, वह्या घरी येत नाहीत, मग ही पोरगी शाळेत शिकते तरी काय?" मी "शिकते हो भरपूर" म्हणून वेळ मारून नेली. पण अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यापुढे काढलेल्या माणसाला असलं उत्तर देऊन चालत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. आणि पत्राच्या शेवटी तुमच्याकडे एक काम आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते.

मनू 'इयर फोर'मध्ये आहे. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेली पोरं एका वर्गात, आणि वर्ष संपलं की सगळी मिळून पुढच्या वर्गात. नंबर काढत नाहीत. त्यामुळे "कितवी आलीस गं?" असं तिला विचारू नका, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघते. कोणत्या वर्षी काय यायला हवं ते सरकारी अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे, पण बालभारतीसारखं सगळ्यांना एकच पुस्तक नाही. साहित्य बाईच जमवतात. हे मला अजूनही खटकतं. आपल्याकडे पुस्तक उघडलं की पोरगं कुठवर आलंय ते आईला कळायचं. इथे पालकसभेच्या दहा मिनिटांत वह्या चाळायच्या, तेवढंच दर्शन.

त्या दहा मिनिटांत मी जे पाहिलं ते मात्र आवडलं. यंदा विज्ञानात दात आणि पचन आहे. बाईंनी चार बरण्यांत चार अंडी ठेवली होती: पाणी, दूध, कोला आणि व्हिनेगर. अंड्याचं कवच म्हणजे दातावरचं आवरण समजायचं. काय होईल ते पोरांनी आधी वहीत लिहायचं आणि मग रोज बघून नोंद करायची. मनूने लिहिलं होतं, "कोला सगळ्यात वाईट." पण व्हिनेगरमधल्या अंड्यावर लगेच बुडबुडे धरले आणि दोन-तीन दिवसांत कवचच गेलं. राहिला नुसता पातळ पापुद्रा, बोटाने दाबला तर रबरासारखा आत जाणारा. कोलातलं अंडं तपकिरी झालं, पण शाबूत. आपला अंदाज खोडून न टाकता तिने खाली लिहिलंय, "मला वाटलं होतं तसं झालं नाही, कारण व्हिनेगरमध्ये आम्ल जास्त." आई, तेव्हापासून रात्री दात घासायला हाका माराव्या लागत नाहीत. फक्त लिंबाचं लोणचं खाल्ल्यावर दातांचं काय होतं, हे ती आता तुला विचारणार आहे. तयारीत रहा.

इतिहासाला तुम्ही चौथीला शिवाजी महाराज शिकवायचात, इथे सध्या रोमन चालू आहेत. इसवी सन ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं, पुढे बुडिका राणीने उठाव करून लंडन जाळलं, हेड्रियन बादशहाने उत्तरेला भिंत बांधायला घेतली, वगैरे. सनावळ्या पाठ करून घेत नाहीत. पुठ्ठ्याच्या ढाली करून पोरांना मैदानात एकमेकांना चिकटून चालवलं. पुढच्याने ढाल समोर धरायची, मागच्यांनी डोक्यावर. पाच पावलांत फळी मोडली आणि एकाच्या ढालीचा कोपरा मनूच्या कानावर बसला. (लागलं नाही, आई.) घरी येऊन मला म्हणते, "एकाने पाऊल चुकवलं तर सगळे मरतात." हे काही प्रश्नोत्तरं लिहून कळलं नसतं.

त्या भिंतीजवळ व्हिंडोलांडा नावाचं रोमन ठाणं होतं. तिथल्या चिखलातून १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं निघाली आहेत. एका पत्रात कुणीतरी कुणालातरी मोजे, चपलांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं लिहिलंय. वर्ग हसून लोळला म्हणे. मग प्रत्येकाने सैनिक होऊन घरी पत्र लिहायचं होतं. मनूच्या सैनिकाने लिहिलंय, "इथला पाऊस थांबत नाही, आजीला लोकरीचे मोजे विणायला सांग." रोमन सैनिकाची आजी साताऱ्यात राहते असं दिसतंय! बाईंनी खाली प्रश्न टाकला होता, "भिंतीवरून त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं?" आणि मनूने पत्र पुन्हा लिहिलं. दुसरं पत्र पहिल्याहून खरंच चांगलं आहे. पण बाबा, स्पेलिंगच्या चुका बाई सगळ्या काढत नाहीत. निवडक दोन-तीन शब्द तेवढे दुरुस्त करतात. तुम्ही असता तर पान लाल केलं असतंत, आणि मीही आतल्या आत करतेच.

आता पाढे. काम हेच आहे.

इथे 'इयर फोर'च्या जूनमध्ये सरकारी पाढे-चाचणी असते. संगणकावर २५ प्रश्न आणि प्रत्येकाला ६ सेकंद. पाढे २ ते १२. तीस नाही, पावकी-दिडकी नाही, त्यामुळे हसू नका. पास-नापासही नाही. बाई शिकवतात ते समजून उमजून. सात आठे किती हे विसरलं, तर सात चोक अठ्ठावीस आणि त्याची दुप्पट. टाचण्यांच्या ओळी मांडून हे कसं होतं ते मनूने मला दाखवलं, आणि लहानपणी मला छप्पन हे पाठ होतं पण का ते ठाऊक नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. अडचण एवढीच की ती डोळे वर करून आधी अठ्ठावीस काढते, मग दुप्पट करते, तोवर सहा सेकंद संपतात. समज आहे, जीभ वळलेली नाही. शाळेत तेवढी घोकणी होत नाही. गिटार वाजवणाऱ्या चित्रांचा एक ऑनलाइन खेळ दिलाय, त्यात ती सोपे पाढे पुन्हा पुन्हा खेळून नाणी जमवते आणि सात-आठच्या वाटेला जात नाही.

तेव्हा बाबा, दर रविवारी पंधरा मिनिटं तुम्ही घ्या. माझ्याकडे ती हट्ट करते, तुमच्यासमोर करणार नाही. बे, पाच आणि दहाचा तिला येतो. सहा, सात, आठ, नऊ आणि बाराचा पक्का करायचा आहे. मराठीतच म्हणून घ्या, चाल तीच ठेवा. उत्तर आकड्यात टाइप करायचं असल्याने भाषेचा प्रश्न नाही. फक्त प्रत्येक उत्तर पाटीवर लिहायला लावा, कारण ती 'एकोणपन्नास' ऐकते आणि ५९ लिहिते. उभा पाढा झाला की मधलेच प्रश्न विचारा, उलटसुलट. आणि चुकली तर "तुझी आई तुझ्या वयात स्कॉलरशिपला बसली होती" हे काढू नका. मला ते अजून आठवतं.

आई, दिवाळीला यंदाही जमणार नाही. शाळा चालू असताना पाच दिवस विनापरवानगी बुडाले तर प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड, आणि तो २१ दिवसांत भरला नाही तर १६०. तुला ही मोगलाई वाटेल. मलाही वाटते, पण त्याला इलाज नाही. जुलैच्या अखेरीस सुट्टी लागली की दोघीही येतोच. बाबा, तेव्हा मनूला घेऊन एक दिवस कोल्हापूरला जाऊ. ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमन माल आपल्या पंचगंगेकाठी पोचला होता, यावर तिचा विश्वास बसत नाही. मी कितीही सांगितलं तरी "पुरावा काय?" म्हणते. शाळेने ही सवय मात्र पक्की लावली आहे.

रविवारी आमचे सकाळचे दहा म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन, तुमची झोप झालेली असेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातील, तेव्हापासून अडीच. बाबांना अडीच चालत नसेल तर आई, तू मला मेसेज कर, आपण अकराचं ठरवू. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील तर दादाला आत्ताच सांगा.

तुमची,
सोनू