बंडखोर कोणाला म्हणताय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला चौदाव्या शतकातल्या जपानच्या दोन सम्राट-दरबारांवरचा (उत्तरेचा क्योतोत, दक्षिणेचा योशिनोत) लेख वाचला, तो डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. योशिनोच्या दरबाराला तुमच्या लेखकाने सरळ 'बंडखोर' म्हटलंय, आणि १३९२ मध्ये 'तडजोड झाली' असं एका ओळीत उरकलंय. कसली तडजोड हो? दोन्ही शाखांनी आळीपाळीने गादीवर बसायचं असं शोगुन (लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमित्सूने कबूल केलं, त्या शब्दावर दक्षिणेचे सम्राट गो-कामेयामा क्योतोला आले, आरसा, तलवार, रत्न ही सगळी राजचिन्हं उत्तरेच्या सम्राट गो-कोमात्सूच्या हवाली केली, आणि १४१२ मध्ये गादी गेली कोणाकडे, तर गो-कोमात्सूच्याच मुलाकडे. याला आमच्याकडे शब्द फिरवणं म्हणतात.

आणि बंडखोर म्हणाल तर १९११ मध्ये शाळेच्या पुस्तकात दोन्ही दरबार बरोबरीने दिले म्हणून जपानमध्ये केवढा गदारोळ झाला, शेवटी दक्षिणेचाच दरबार खरा असं ठरवलं गेलं, तेही गादीवरचे मेइजी सम्राट स्वतः उत्तरेच्या शाखेतले असताना. हे लेखात एका शब्दाने नाही.

मला एवढं लागायचं कारण म्हणजे मी तिथे जाऊन आलोय. टूरवाल्यांनी योशिनोला साकुराचे (चेरीच्या फुलांचे) फोटो काढायला दीड तास दिला होता. मी गाइडला दोनदा विचारलं, दक्षिणेचा दरबार मांडणाऱ्या सम्राट गो-दाइगोंची समाधी कुठे, तर म्हणे प्रोग्राममध्ये नाही. मग बायकोला चहाच्या दुकानात बसवलं आणि एकटाच न्योइरिनजी देवळापर्यंत चालत गेलो. मागे पायऱ्या चढून गेलं की दगडी कुंपण, आत झाडी वाढलेला उंचवटा, बाकी काही नाही. पण ती समाधी उत्तरेकडे तोंड करून आहे, क्योतोकडे. माणूस १३३९ मध्ये गेला, राजधानी परत बघायला मिळाली नाही. मी तिथे उभा राहिलो आणि घसा दाटून आला. परत आलो तर बस थांबलेली, आणि टूर मॅनेजर चाळीस माणसांसमोर मला म्हणाला, 'काका, एका थडग्यासाठी सगळ्यांना लटकवलंत.' अजून विसरलेलो नाही. तुमच्या लेखातला 'बंडखोर' शब्द वाचला आणि तोच माणूस परत समोर उभा राहिला.

अजून एक, लेखासोबतच्या नकाशात योशिनो क्योतोच्या वर दाखवलंय. अहो, दक्षिणेचा दरबार म्हणतात तो खाली होता म्हणूनच ना! निदान नकाशाची तरी दुरुस्ती छापा.

- एक जुना वाचक, ठाणे