ताप उतरला, पण लघवी किती झाली?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

गडचिरोलीत गावपातळीवर हिवतापाचं निदान आता आशाताईंच्या किटवर काही मिनिटांत होतं. हे काम चोख आहे. आमचं म्हणणं आहे ते रुग्ण भरती झाल्यानंतरचं. हिवताप मूत्रपिंडंही बिघडवू शकतो आणि ते लघवीवरून कळतं, पण केसपेपरवर तापाची नोंद असते, लघवीचा रकाना बहुधा कोरा.

फाल्सिपेरम या जास्त घातक हिवतापाच्या जंतूंनी भरलेल्या तांबड्या पेशी मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांना चिकटतात, फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन नलिकांना इजा करतं, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या हिवतापातही मूत्रपिंडाला इजा होते, कमी वेळा. आणि फसगत इथेच होते: औषध लागू पडतं, ताप उतरतो, स्मिअर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) निगेटिव्ह येते, तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) पुढचे काही दिवस चढत राहू शकतं. ते डेसिलिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की हिवताप गंभीर ठरतो, पण त्याआधीच लघवी कमी झालेली असू शकते. म्हणून भरती रुग्णाच्या खाटेखाली मोजमापाचं भांडं हवं. ५० किलोच्या माणसाची सहा तासांत १५० मिलीपेक्षा कमी लघवी झाली, किंवा ती काळ्या चहासारखी आली, की डॉक्टरांना लगेच कळवायचं. काळी लघवी दिसली तर प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध थांबवून जी६पीडी (हे एन्झाइम कमी असलं तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात) आणि हिमोग्लोबिन बघायचं.

तापाला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं, ते देणं लेखी आदेशाने बंद करा, पॅरासिटामॉल पुरतं. सलाईनचं मात्र दोन्हीकडून चुकतं. कोरड्या पडलेल्या रुग्णाला ते लागतं, पण लघवी बंद झालेल्याला बाटलीमागून बाटली लावली की पाणी फुप्फुसात उतरतं. लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधाने लघवी आली तरी मूत्रपिंड सुधारत नाही.

रेफर करताना आर्टेसुनेट या गंभीर हिवतापावरच्या औषधाचा पहिला डोस १०८ येण्याआधीच शिरेतून द्यायला हवा: किलोमागे २.४ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोला ६० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या. पुढे १२ आणि २४ तासांनी. (२० किलोखालच्या मुलांना किलोमागे ३.) पावडर आधी सोबतच्या बायकार्बोनेटमध्येच विरघळवायची, थेट सलाईनमध्ये नाही. मूत्रपिंड बिघडलं म्हणून डोस कमी करायचा नसतो. ही भीती अनाठायी आहे.

आता डायलिसिस. २०१६ पासूनची राष्ट्रीय योजना मुख्यतः मूत्रपिंड कायमचं निकामी झालेल्या रुग्णांसाठी आखलेली आहे. हिवतापात वाचलेल्या बहुतेकांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत पूर्ववत होतात, त्यांना मशीन लागतं ते थोडेच दिवस, पण त्याच रात्री. तेव्हा जिल्हा रुग्णालयात एक मशीन, आरओचं पाणी आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ तातडीच्या रुग्णांसाठी राखून ठेवा. मशीन नसेल तिथे पोटातून डायलिसिस करता येतं; व्हिएतनाममधल्या २००२ च्या चाचणीत ते रक्त गाळण्याच्या पद्धतीपेक्षा बरंच कमी पडलं, तरी काहीच न करण्यापेक्षा बरं.

डिस्चार्ज कार्डावर सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी हिमोग्लोबिन तपासण्याची तारीख छापून द्या, कारण आर्टेसुनेटनंतर पेशी उशिराही फुटतात. क्रिएटिनिनही त्याच फेरीत होईल.

आपले,
हिवताप व मूत्रपिंडविकारांवर काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका